मेणाखालचं लोखंड

भर उन्हातही कोट घालून आलेल्या त्या कोटवाल्यानं आपल्या ड्रायव्हरला अशी सणसणीत ठेवून दिली की त्या बिचाऱ्याची लोकरी टोपी उडून ग्रीसच्या डब्यात पडली. कारण काय, तर ट्रक शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेताना पुढचं चाक वीतभर तिरकं गेलं. ड्रायव्हर पन्नाशी उलटलेला माणूस. त्यानं टोपी उचलली, मांडीला पुसली, डोक्यावर चढवली आणि मार दुसऱ्याच कुणाला बसलाय अशा चेहऱ्यानं पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसला. या खेपेला ट्रक सरळ आला.

"बघितलंस मिस्त्री?" कोटवाला हसत म्हणाला. "इंजिन असो नाहीतर माणूस, एक फटका दिल्याशिवाय सुरू होत नाही."

मिस्त्री कसंनुसं हसला. गिऱ्हाईक म्हटलं की त्याला हसावं लागे. शेडच्या दारात हातमोजे चढवत उभी असलेली त्याची बायको मात्र हसली नाही. तिला सगळी वस्ती मेणवाली म्हणायची. नवरा वेल्डिंग करायचा आणि ती ट्रकच्या चासीला मेण लावायची. लोक गमतीनं म्हणत, हा दिवसभर जाळतो, ती दिवसभर लिंपते, म्हणून तर यांचा संसार टिकला. तीही उलट ऐकवायची, की घरात मऊ म्हणून काही असेल तर मी आणि माझ्या भांड्यातलं मेण, बाकी सगळं लोखंड.

काम तसं आडदांड होतं. ट्रकच्या पोटाखाली जो लांबलचक लोखंडी सांगाडा असतो, त्याला पाणी आणि चिखल लागू नये म्हणून त्यावर मेणाचा थर देतात. चार-दोन वर्षांत हे मेण वाळतं, त्याला भेगा पडतात, भेगांतून पाणी आत शिरतं आणि मग तेच मेण ते पाणी धरून ठेवतं. वरून सगळं ठीकठाक, आत गंज लोखंड चावत बसलेला. म्हणून नवा थर द्यायचा तर जुना मुळापासून काढावा लागतो. गरम हवेच्या बंदुकीनं मेण तापवायचं, मऊ झालं की पट्टीनं खरवडायचं, उरलेलं रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं, गंज तारेच्या ब्रशनं घासायचा. मान वर करून, डोळे मिटत उघडत, तोंडावर काळे थेंब झेलत. संध्याकाळी आरशात बघितलं की तिची तिलाच ओळख पटत नसे.

"संध्याकाळपर्यंत पाहिजे," कोटवाला म्हणाला. "उद्या गिऱ्हाईक येणार आहे बघायला. चासी नव्या नवरीसारखी दिसली पाहिजे. आणि हे बघ बाई, पुढच्या उजव्या चाकापाशी मेण चांगलं आहे. तिथं हात लावू नकोस. वरून फक्त नवा हात दे."

"जुन्यावर नवं धरत नाही," मेणवाली म्हणाली. "पापुद्रे निघतील."

"तुला विचारलं का मी?"

मिस्त्रीनं तिच्याकडे बघून डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. कोटवाला आपल्या मोटारीत बसून जेवायला निघून गेला. ड्रायव्हर काका शेडबाहेर भिंतीच्या सावलीत टोपी तोंडावर ओढून पडून राहिले. मेणवाली खड्ड्यात उतरली.

खाली दिव्याच्या उजेडात तिनं मागच्या बाजूनं सुरुवात केली. मेण जाड होतं, घाईघाईत फासल्यासारखं, कुठं बोटभर तर कुठं नुसता रंग. हवेची बंदूक फिरली तसं ते सुटायला लागलं आणि लोळागोळा होऊन खालच्या पत्र्यावर पडू लागलं. लांब दांडे झाले, मग ती त्यांना जोडणाऱ्या आडव्यांकडे वळली. मागून दुसऱ्या आडव्यावर पट्टी अडखळली. तिथं एक जोडतुकडा होता. कधीतरी भेग गेली असणार, वरून लोखंडी पत्रा ठेवून जोडला होता. त्यात विशेष काही नव्हतं. जुन्या ट्रकांना असे जोड असतातच.

तिनं तो पुसला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

पत्र्याचे कोपरे गोल केले होते. वेल्डिंगचे टाके बारीक, एकमेकांवर माशाच्या खवल्यांसारखे चढलेले. पत्र्याच्या मधोमध एक लांबट भोक होतं आणि भोकाच्या कडेला घासूनही न निघालेला निळा रंग. ते भोक कडीचं होतं. तो निळा रंग त्यांच्या शेडच्या जुन्या दाराचा होता. दार बदललं तेव्हा मिस्त्रीनं त्याचा पत्रा फेकू दिला नव्हता, आणि त्यातला हा तुकडा त्यानं आपल्या मेहुण्याच्या ट्रकला लावला होता. तेव्हा वरून मेण हिनंच दिलं होतं. धाकटा शेजारी बसून शेंगा खात म्हणाला होता, "ताई, आता तुमच्या घराचं दारच घेऊन फिरतो मी. कुठंही गेलो तरी घरातच."

मेणवाली खड्ड्यातल्या पायरीवर बसली.

धाकटा तिचा सख्खा भाऊ. त्याचा ट्रक गेला त्याला आता तीन वर्षं होत आली होती. भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, एक माणूस मध्येच आडवा पडलेला त्याला दिसला. शेजारी मोटार वाकडीतिकडी उभी. धाकट्यानं ट्रक थांबवला, पाण्याची बाटली घेऊन धावत गेला, त्या माणसाला उठवायला खाली वाकला. आणि तो माणूस डोळे उघडून त्याच्याकडे बघून हसला. पहिला फटका मागून बसला. नंतर किती बसले ते मोजायला तो शुद्धीत नव्हता. त्यांनी त्याला मारून मारून रस्त्याकडेच्या नाल्यात ढकललं आणि ट्रक घेऊन गेले. तो जगला हेच आश्चर्य. पण उजवा डोळा गेला, आणि डावा हात त्यांनी बुटाखाली असा चिरडला होता की बोटं वाकडीच जुळली.

त्याहून वाईट होतं ते पुढचं. हा पोरगा पूर्वी शेजारणींची पोरं खांद्यावर घेऊन नाचणारा. आता तो बहिणीच्या मागच्या खोलीत राहायचा आणि कुणी मागून आलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं. एकदा मिस्त्रीनं त्याला उठवायला खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं झोपेतच मिस्त्रीचा गळा धरला. सोडवायला मेणवालीला त्याचं मनगट चावावं लागलं. नंतर तो कोपऱ्यात बसून ढसाढसा रडला आणि म्हणाला, "दाजी, मला बांधून ठेवत जा." एवढं सगळं त्याच्यात मेलं होतं, पण एक गोष्ट तो रोज न चुकता करायचा. दुपारी ताई-दाजींचा जेवणाचा डबा शेडवर आणून द्यायचा.

मेणवालीच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला होता. ती पुढच्या उजव्या चाकापाशी गेली. जिथं हात लावू नको म्हटलं होतं, नेमकं तिथलंच मेण तिनं तापवलं आणि एका झटक्यात खरवडून काढलं. खाली चासीचा नंबर असतो. तो घासून गुळगुळीत केलेला होता आणि त्यावर नवे आकडे ठोकले होते, दारुड्याच्या चालीसारखे वाकडेतिकडे.

"अहो," तिनं खालून हाक मारली. "जरा या. आत्ता या."

मिस्त्री उतरला. तिनं दिवा जोडतुकड्यावर धरला. त्यानं आपलेच टाके बघितले, कडीच्या भोकात बोट घातलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बुजव," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"मेण लाव आणि बुजव. आपण काही बघितलं नाही."

"तो त्याचा ट्रक आहे! यांनी त्याला नाल्यात टाकलं होतं!"

"म्हणूनच म्हणतोय. ज्यांनी त्याला टाकलं ते आपल्याला उचलून कुठं ठेवतील? अगं, त्या माणसाचे डोळे बघ. स्वतःच्या ड्रायव्हरला चारचौघांत मारतो तो. आपण कोण?"

"तुम्ही कोण ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी त्याची बहीण आहे."

मिस्त्रीनं तिचा दंड धरला. इतकी वर्षं संसार केला, पण त्यानं तिला असं कधी धरलं नव्हतं. तिनं हिसडा देऊन हात सोडवला, हातमोजा तोंडानं ओढून काढला आणि मोबाईलवरून पोलिसांना फोन लावला. तिकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, पत्ता दोनदा विचारला आणि म्हणाला, गाडी पाठवतो, तोवर त्यांना जाऊ देऊ नका. जसं काही कोटवाला म्हणजे दारात आलेलं मांजर होतं.

मग तिनं मेणाचं भांडं तापत ठेवलं. कोटवाला परत आला तर काम चालू दिसलं पाहिजे. मेण वितळलं, कॉम्प्रेसर धडधडू लागला, मेण उडवायची फवाऱ्याची बंदूक कडेला हाताशी ठेवून ती पुन्हा खड्ड्यात उतरली. मिस्त्री एका स्टुलावर डोकं धरून बसला होता. मग त्यानं उगाच एक पाना घेऊन त्याचा गंज पुसायला सुरुवात केली. तिला त्याचा रागही आला आणि कीवही.

पोलिसांच्या आधी कोटवाला आला.

तो दात कोरत आत शिरला, ट्रकला एक चक्कर मारली आणि पुढच्या उजव्या चाकापाशी येऊन थांबला. खाली वाकला. उघडं, घासलेलं लोखंड दिव्यात चमकत होतं. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग शांतपणे उठला, शेडच्या दारापाशी गेला आणि अर्धं शटर खाली ओढलं.

"हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"चुकून लागला," मेणवाली खड्ड्यातून म्हणाली.

"चुकून." त्यानं खाली हात घालून तिचे केस मुठीत धरले आणि तिला पायऱ्यांवरून फरफटत वर काढलं. तिचा गुडघा सिमेंटच्या कडेवर आपटून फुटला. ओरडायच्या आत त्यानं तिच्या तोंडावर उलट्या हाताची ठेवून दिली. बोटातल्या अंगठीनं तिचा ओठ फाटला. "आणखी कुणाकुणाला दाखवलंस चुकून? बोल! फोन कुठं आहे तुझा?"

आयुष्यभर भांडणाचा आवाज आला की रस्ता बदलणारा मिस्त्री स्टुलावरून उठला. त्याच्या हातात तो पाना होता, पण तो उगारायचा असतो हेच त्याला सुचलं नाही. तो नुसता मध्ये येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाईमाणसाला सोडा. मला मारा." कोटवाल्यानं त्याचं लगेच ऐकलं. त्यानं मिस्त्रीच्या हातातला पाना हिसकावला आणि त्याच्याच जबड्यावर घातला. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मिस्त्री खाली बसला, तोंडाला हात लावला, आणि त्याच्या ओंजळीत रक्तासोबत दोन दात पडले. त्यानं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू विचारत होता, हे कुणाचे, मला का दिले.

त्याच वेळी अर्ध्या शटरखालून वाकून धाकटा आत आला. हातात डबा.

त्याला आधी बहीण दिसली, जमिनीवर, तोंड रक्तानं भरलेलं. मग दाजी. मग त्यांच्यावर उभी असलेली रुंद पाठ. "ए!" तो ओरडला, आणि कोटवाला वळला.

मेणवालीनं आपल्या भावाचा चेहरा त्या क्षणी बघितला. त्यावर राग नव्हता. हरवलेली वस्तू अचानक सापडावी तसा तो मोकळा झाला होता. डबा हातातून निसटून जमिनीवर आदळला, झाकण गरगरत लांब गेलं.

"हा कोण आणखी?" कोटवाला म्हणाला. "काणा?"

"मी वाकलो होतो," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "तुला उठवायला. पाणी आणलं होतं मी."

कोटवाल्याला आठवायला थोडा वेळ लागला. इतक्या जणांना लुटलं असेल की चेहरे एकमेकांत मिसळले असतील. पण आठवलं, आणि मग तो पुन्हा तसाच हसला. हसायला नको होतं. तेवढंच एक त्यानं केलं नसतं तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

धाकट्यानं भिंतीला टेकवलेला जॅकचा दांडा उजव्या हातानं उचलला आणि पहिलाच फटका त्या हसण्यावर मारला. कोटवाला मागे जाऊन ट्रकच्या चाकावर आपटला. त्यानं कोटाच्या आतून सुरा काढला. धाकट्याच्या आंधळ्या बाजूनं आला आणि सुरा त्याच्या खांद्यात मुठीपर्यंत घातला. मेणवाली किंचाळली. धाकट्याला मात्र ते कळल्यासारखंच दिसलं नाही. खांद्यात सुरा तसाच ठेवून त्यानं दांडा फिरवला. कोटवाल्याचा हात कोपरापासून भलत्या दिशेनं वळला.

"अरे बघत काय उभा राहिलास!" कोटवाला ओरडला. "धर त्याला! मागून धर!"

हे ड्रायव्हर काकांना होतं. आरडाओरडा ऐकून ते शटरखालून आत आले होते आणि धाकट्याच्या बरोबर मागे, हात पुरेल इतक्या जवळ उभे होते. त्यांनी धन्याकडे बघितलं. मग धाकट्याच्या खांद्यातल्या सुऱ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी टोपी कानांवर नीट खाली ओढली आणि दोन पावलं मागे सरकून भिंतीला पाठ लावली.

पुढचं सगळं खड्ड्यात झालं. दोघं झोंबत झोंबत ट्रकच्या पुढं उघड्या राहिलेल्या कडेवरून खाली कोसळले, खरवडलेल्या मेणाच्या लगद्यात. खड्डा अरुंद, पळायला जागा नाही, उठायला जागा नाही. कोटवाला खाली, धाकटा वर. पहिले काही फटके बसले तेव्हा कोटवाला शिव्या देत होता. मग गयावया करायला लागला. तो ट्रक घेऊन जा म्हणाला. माझी पोरंबाळं आहेत म्हणाला. मी फक्त झोपलो होतो रस्त्यावर, मारणारे दुसरे होते म्हणाला. मग तो काहीच म्हणेना. त्याच्या तोंडाच्या जागी काय उरलं होतं ते वरून नीट दिसत नव्हतं. धाकट्याचा दांडा मात्र वर जात होता, खाली येत होता, आणि प्रत्येक फटक्याला तो श्वास सोडल्यासारखा हुं करत होता, जसा लाकूड फोडताना माणूस करतो.

मेणवाली खड्ड्याच्या कडेला उभी होती. फवाऱ्याची बंदूक तिच्या हातात कधी आली हे तिला पुढं कधीच आठवलं नाही. फाटलेल्या ओठातलं रक्त हनुवटीवरून गळत होतं आणि तिच्या पोटात, खोल कुठंतरी, ऊब पसरत होती. मार, असं तिच्या मनात चाललं होतं. त्या हाताबद्दल मार. डोळ्याबद्दल मार. माझ्या घरात रोज जेवताना भांडी आपटणारं जनावर तुझं यानं केलं ना, त्याच्याबद्दल मार. मिस्त्री जमिनीवरून तिला हातानं खुणावत होता, त्याच्या तुटक्या जबड्यातून शब्द फुटत नव्हते, थांबव, थांबव. तिनं ते बघितलं आणि ती जागची हलली नाही.

मग कोटवाल्याचे पाय झटके द्यायचे बंद झाले. बुटाचं टोक एका बाजूला कलंडलं.

तेव्हा तिला कळलं की यानंतरचा फटका वेगळा आहे. तो बसला की पोलीस याला घेऊन जातील आणि परत देणार नाहीत. नाल्यातून काढलेल्या या भावाला तिनं भरवून, पुसून, चावून, रागावून जगवलं होतं, आणि तो या माणसापायी पुन्हा जाणार. तेही कायमचा.

"बस!" ती ओरडली. "ए, बस झालं! सोड!"

तो तिथं नव्हताच. दांडा वर गेला.

मेणवालीनं बंदुकीचा घोडा दाबला. तापलेलं मेण पिचकारीसारखं सुटलं आणि दांडा धरलेल्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बसलं. उकळतं पाणी अंगावरून ओघळून तरी जातं. मेण चिकटतं. धाकट्याची किंकाळी अशी होती की बाहेरच्या रस्त्यावरचे लोक जागीच थांबले. दांडा सुटून पत्र्यावर पडला. तो स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला, जसा तो हात त्याला आत्ता पहिल्यांदा दिसत होता. मग मान वर करून त्यानं बहिणीकडे बघितलं. एका डोळ्यानं माणूस इतकं बघू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"तू?" तो म्हणाला.

ती बंदूक टाकून खाली उतरली, त्याला मागून घट्ट मिठी मारली आणि मेणात, रक्तात, रॉकेलच्या वासात तशीच बसून राहिली. या वेळी त्यानं तिचा गळा धरला नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हा ते दोघं तसेच होते, आणि ड्रायव्हर काका नळावरून बादलीत पाणी आणून धाकट्याच्या हातावर तांब्यातांब्यानं ओतत होते.

कोटवाला मेला नाही. त्याचं तोंड डॉक्टरांनी तारा घालून जोडलं आणि एक पाय कायमचा अधू झाला. त्याच्या कोठारात आणखी ट्रक सापडले, वेगवेगळ्या नंबरांचे, सगळ्यांना तसंच घाईघाईत फासलेलं मेण. त्याचे साथीदार एकेक करून पकडले गेले. कोर्टात ड्रायव्हर काकांची साक्ष झाली. वकिलानं विचारलं, मालक मदतीला हाका मारत होता, तुम्ही जवळच होतात, गेला का नाहीत? काका म्हणाले, "साहेब, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मालकांचा हात नेहमी त्याच कानावर पडायचा." कोर्टात हशा पिकला. काका हसले नाहीत. ते खरंच बोलत होते.

धाकट्यालाही शिक्षा झाली. आधीचे फटके जीव वाचवायला होते, असं न्यायाधीश म्हणाले, पण खड्ड्यातले तसे नव्हते. सगळी हकिगत बघून शिक्षा कमी दिली, तरी ती शिक्षाच होती. मिस्त्रीचा जबडा भरून यायला खूप दिवस लागले. तो महिनाभर पातळ खाऊन होता, आणि तेवढ्या काळात नवरा-बायकोत जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. कारण तो बोलू शकत नव्हता आणि तिला सगळं सांगायचं होतं. एकदा तिनं त्याला म्हटलं, "तुम्ही मध्ये येऊन उभे राहिलात. मला वाटलं नव्हतं." त्यानं पाटीवर लिहून दाखवलं, मलाही.

ट्रक परत मिळाला तो बऱ्याच महिन्यांनी. पोलिसांच्या आवारात उघड्यावर पडून होता. मेण निघालेली, नवं न लावलेली चासी पाण्यापावसात लालभडक झाली होती. मेणवालीनं ती पुन्हा पहिल्यापासून घासली, कोपरा न् कोपरा, आणि दोन हात मेण दिलं. भांड्यातलं मेण वितळताना त्याचा वास आला की भावाची ती किंकाळी तिच्या कानात वाजायची. एकदा तर ती मधूनच उठून बाहेर जाऊन बसली. मग परत आली. काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

धाकटा मात्र तिला भेटायला तयार नव्हता. ती दर खेपेला तुरुंगाच्या दारात जायची, रांगेत उभी राहायची आणि आतून निरोप यायचा, भेटायचं नाही. मिस्त्री गेला की भेटायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. ताईचं नाव काढलं की विषय बदलायचा. शेवटी एकदा तो तयार झाला.

जाळीपलीकडे तो बसला. हाताचं कातडं कोपरापर्यंत गुलाबी आणि सुरकुतलेलं, साय धरल्यासारखं. खांद्याचा व्रण शर्टाखाली होता.

"दुखतो का?" तिनं विचारलं.

"थंडीत ओढतो." त्यानं तो हात मांडीवर घेतला. "ताई, परक्यांनी मला मारून नाल्यात टाकलं. आपल्या माणसानं जाळलं. मी रोज रात्री हिशोब करतो, काय जास्त लागलं."

"काय उत्तर येतं?"

"तू मला त्याच्यासाठी जाळलंस. त्या हरामखोराला वाचवायला."

तिच्या मनात होतं की सांगावं, तुझ्यासाठी जाळलं, तुला वाचवायला. कितीतरी वेळा तिनं हेच वाक्य घोळवलं होतं, रांगेत उभी असताना. पण त्याचा तो एक डोळा तिच्यावर रोखलेला होता आणि त्याच्यासमोर अर्धं खरं बोलायची तिला लाज वाटली.

"मी कधीपासून तिथं उभी होते माहीत आहे तुला?" ती म्हणाली. "तू खड्ड्यात पडलास तेव्हापासून. बंदूक हातात होती. भांडं तापलेलं होतं. पहिल्याच फटक्याला घोडा दाबता आला असता मला. तुझे दाजी जमिनीवरून थांबव, थांबव म्हणून खुणावत होते."

त्यानं मान थोडी पुढे आणली.

"मग?"

"मग काय? मी बघत होते. मी मनात मार म्हटलं की तू मारत होतास, असंच वाटत होतं मला. मला पाहिजे होतं तेवढं सगळं होऊ दिलं, आणि मग तुला थांबवलं. त्यातलं अर्धं मी मारलंय. शिक्षा तेवढी तुला एकट्याला झाली."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. आधी तिला वाटलं तो रडणार. पण तो हसत होता, आवाज न करता, खांदे हलवत, आणि त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. पहारेकरी वळून बघायला लागला.

"आणि वस्तीत सगळे म्हणतात, घरात तू एकटीच काय ती मऊ," तो म्हणाला.

"ते मीच म्हणते," ती म्हणाली. "दुसरं कोण म्हणणार?"

वेळ संपल्याची घंटा झाली. तो उठला, दोन पावलं गेला आणि मग काहीतरी विसरल्यासारखा परत फिरला.

"पुढच्या खेपेला येशील तेव्हा खोबरेल तेल आण हाताला लावायला. इथलं चांगलं नसतं."

"आणते," ती म्हणाली, आणि तो दाराआड जाईपर्यंत जाळीला हात लावून उभी राहिली.